खर्ज उतरवायचा तर तार कोणती?

औंधच्या संगीत महोत्सवाला आम्ही एका वर्षी गेलो होतो. पं. अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली सुरू केलेला हा उत्सव खटाव तालुक्यातल्या त्या लहानशा गावात आजही भरतो. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे वडूजला, एका शिक्षकमित्राकडे जाणे झाले. ते तेथील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. बोलता बोलता त्यांनी एक अडचण सांगितली. अडचण संगीताची, पण तिचे उत्तर नववी-दहावीच्या विज्ञानात होते. म्हणून ती येथे मांडत आहोत.

त्यांच्या शाळेत प्रार्थनेला तंबोरा लावतात. तंबोरा लहान घडणीचा, म्हणजे ज्याला बायकी तंबोरा म्हणतात तसा. मुली काळी चार पट्टीत गातात, त्या पट्टीत तो सुरेख बोलतो. सातवीपर्यंत प्रार्थना सांगणारा एक मुलगा नववीत आला आणि त्याचा आवाज फुटला. काळी चार त्याला झेपेना. बाईंनी समजूतदारपणे खुंट्या पिळून तोच तंबोरा काळी एकपर्यंत खाली उतरवला. पण उतरवलेला तंबोरा खरखरू लागला, स्वर एका जागी ठरेना, आणि त्याच्याबरोबर गाणारा मुलगाही डळमळू लागला. चार-आठ दिवस असे गेल्यावर ‘याचा आता कानच गेला’ असा निकाल लागला. मुलगा शेवटच्या रांगेत उभा राहून नुसते ओठ हलवू लागला.

आमच्या मते दोष त्याच्या कानात नव्हता, गळ्यात नव्हता आणि बाईंच्या हातातही नव्हता. दोष तारेच्या जाडीत होता. तो कसा, हे पाहू.

तारेचे तीन हिशेब

ताणलेल्या तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो. तारेची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे दर मीटरला असलेले वस्तुमान. फ्रान्समधील धर्मगुरू आणि विद्वान मारँ मेर्सेन यांनी १६३६ साली आपल्या ग्रंथात हे नियम मांडले. लांबी दुप्पट केली की वारंवारता निम्मी होते, म्हणजे स्वर एक सप्तक खाली जातो. ताण चौपट केला की वारंवारता दुप्पट होते. दर मीटरचे वस्तुमान चौपट केले की वारंवारता निम्मी होते. एकाच धातूच्या तारेचे वस्तुमान जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शेवटचा नियम असाही सांगता येतो की ताण तोच ठेवून जाडी दुप्पट केली तर स्वर एक सप्तक उतरतो.

याचा अर्थ असा की स्वर खाली न्यायला तीन वाटा आहेत. तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. तिन्ही वाटांनी मोजयंत्रावर आकडा एकच येईल, पण कानाला आणि बोटाला तिन्ही तारा सारख्या लागणार नाहीत. वाद्य बनवणाऱ्याचे सारे कसब या तिन्हींतून कोणती वाट किती धरायची हे ठरवण्यात आहे.

नुसती सैल केली तर

वडूजच्या शाळेतल्या तंबोऱ्याचा हिशेब करू. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तारेचा बोलणारा भाग ८० सेंटिमीटर धरू. मधल्या दोन, म्हणजे जोडाच्या तारा पोलादाच्या आणि ०.२५ मिलिमीटर जाडीच्या धरू. काळी चारचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झचा. या तारेला तेथे आणायला ४.३ किलोग्रॅम वजनाइतका ताण लागतो. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे दोन-तृतीयांश. ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो चार-नवमांशावर येतो. ४.३ किलोचे १.९ किलो होतात. स्वर एक-तृतीयांशाने उतरला, पण ताण निम्म्याहूनही कमी झाला.

सैल तारेचे तीन तोटे होतात. पहिला, ती फार हलते. तेवढ्याच जोराने छेडले तरी ती सव्वादोन पट जास्त ओढली जाते, आणि घोडीच्या पृष्ठावर नाजूकपणे टेकण्याऐवजी आपटते. ती खरखर याचीच. दुसरा तोटा स्वर न ठरण्याचा. तार बाजूला ओढली की ती किंचित लांबते आणि तिचा ताण थोडा वाढतो. तारेची जाडी आणि ओढ तीच असेल तर ही वाढ ग्रॅममध्ये जवळजवळ सारखीच असते. ती मुळातल्या ४.३ किलोत विरून जाते, पण १.९ किलोत जाणवते. शिवाय सैल तार ओढली जातेही जास्त. त्यामुळे छेडताक्षणी स्वर चढा लागतो आणि मग घसरत मूळ जागी येतो. गाणाऱ्याने धरायचे तरी काय? तिसरा तोटा हाताचा. बोटाला तार सुतळीसारखी ढिली लागते, तिच्यातून प्रतिसाद येत नाही, आणि वाजवणारा नकळत अधिक जोराने छेडतो. म्हणजे पहिले दोन्ही दोष आणखी वाढतात.

किंमत जाडीने चुकवावी

मग उपाय काय? ताण जिथल्या तिथे ठेवायचा आणि वस्तुमान वाढवायचे. वारंवारता दोन-तृतीयांश करायची तर जाडी दीडपट हवी. ०.२५ चे ०.३७५ मिलिमीटर झाले की काळी एकच्या षड्जावर पुन्हा तोच ४.३ किलोचा ताण मिळतो. चारही तारांना हाच दीडपटीचा नियम लावला की आपला तक्ता असा होतो.

पंचमाची तार, पोलाद : काळी चारला ०.३३ मिमी, काळी एकला ०.५० मिमी.
जोडाच्या दोन तारा, पोलाद : काळी चारला ०.२५ मिमी, काळी एकला ०.३७५ मिमी.
खर्जाची तार, पितळ : काळी चारला ०.४८ मिमी, काळी एकला ०.७२ मिमी.

हे आकडे चारही तारांवर सारखा ताण धरून काढलेले आहेत. प्रत्यक्षात कारागीर खर्ज थोडा मऊ ठेवतात, पंचमाला कधी पोलादाऐवजी पितळ किंवा काशाची तार घेतात. पण सुरुवात करायला हा तक्ता पुरे.

दुकानात जाताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. तारा बहुधा मिलिमीटरने नव्हे तर गेजच्या क्रमांकाने मागतात, आणि क्रमांक जितका मोठा तितकी तार बारीक. जुन्या इंग्रजी मापपद्धतीत ३३ क्रमांकाची तार ०.२५ मिमी, २८ क्रमांकाची ०.३८ मिमी आणि २२ क्रमांकाची ०.७१ मिमी असते. तेव्हा आपल्या तक्त्यातली जोडाची तार ३३ वरून २८ वर येते, तर काळी एकच्या खर्जाला २२ क्रमांक जुळतो.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. जाड तारा चढवल्यावर तोच तंबोरा पुन्हा काळी चारला नेऊ नये. तसे केल्यास प्रत्येक तारेचा ताण सव्वादोन पट, म्हणजे ९.७ किलो होईल. चार तारांचा मिळून सतरा किलोचा भार एकोणचाळीस किलोवर जाईल. दांडीला बाक येणे, भोपळा आणि दांडीचा सांधा उकलणे हे प्रकार अशाने होतात. एका तंबोऱ्याला एक पट्टी नेमून द्यावी. तिच्या वरखाली एखादा स्वर हलवला तर बिघडत नाही.

खर्ज पितळेचा, जोड पोलादाचा

आता शिक्षकांना वर्गात हटकून विचारला जाईल असा प्रश्न. खर्जाची तार पितळेचीच का? ‘पितळ पोलादापेक्षा जड म्हणून’ असे उत्तर सर्रास दिले जाते. ते खरे, पण अपुरे आहे. एक घनसेंटिमीटर पोलाद सुमारे ७.८५ ग्रॅमचे, तर पितळ ८.५ ग्रॅमचे. फरक जेमतेम आठ टक्क्यांचा. ०.७२ मिमी पितळेऐवजी ०.७५ मिमी पोलाद घेतले तर वस्तुमानाचा हिशेब तंतोतंत जमतो. तरीही कारागीर पोलाद घेत नाही. कारण दुसरे आहे.

आदर्श तार ही दोऱ्यासारखी लवचीक मानलेली असते. अशी तार मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारतेचे स्वरही काढते. यांना संनादी म्हणतात. तंबोऱ्याचा सारा महिमा या संनादींचा आहे. खर्जाच्या तारेचा पाचवा संनादी हा गंधार असतो. कोणीही न छेडलेला, आपोआप ऐकू येणारा हा स्वयंभू गंधार कानावर पडला की गवई तंबोरा जुळला असे मानतो.

पण जाड तार ही दोरा नसून थोडीशी सळईही असते. वाकवले की ती स्वतःच्या ताठरपणाने सरळ होऊ पाहते. वरचे संनादी निघतात तेव्हा तारेला अधिक लहान लहान वळणे घ्यावी लागतात, म्हणून ताठरपणाचा परिणाम तेथे जास्त होतो आणि ते संनादी पटीच्या हिशेबापेक्षा चढे लागतात. हा दोष जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, आणि धातूच्या यंग गुणांकाच्या प्रमाणात वाढतो. पोलादाचा यंग गुणांक पितळेच्या जवळजवळ दुप्पट आहे. येथेच पितळ जिंकते.

आकड्यांत सांगायचे तर आपल्या ८० सेंटिमीटर तंबोऱ्यावर काळी एकच्या खर्जासाठी पोलादी तार लावली तर तिचा दहावा संनादी सुमारे ५.४ टक्के चढेल. एक अर्धस्वर म्हणजे सुमारे सहा टक्के. म्हणजे तो संनादी जवळजवळ शेजारच्या स्वराच्या घरात गेला. पितळी तारेत हाच चढ २.४ टक्के राहतो. पाचव्या संनादीत, आपल्या गंधारात, पोलादाचा चढ १.३ टक्के तर पितळेचा ०.६ टक्के. हा हिशेब साध्या टोकदार घोडीवरच्या तारेचा आहे. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर चित्र अधिक गुंतागुंतीचे असते, पण पितळेची बाजू वरचढ का, हे त्यातून कळते.

मग जोडाच्या ताराही पितळेच्या का नकोत? त्यालाही सुंदर उत्तर आहे. लांबी आणि स्वर ठरले की तारेच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा भार ठरतो. तो जाडीवर मुळीच अवलंबून नसतो. जाड तारेला ताण जास्त लागतो, पण तो वाटला जाण्यासाठी क्षेत्रफळही तितकेच जास्त असते. ८० सेंटिमीटरवर काळी चारचा जोड पितळेने काढायचा तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ९६ किलो भार पडतो. साधारण पितळी तार त्याच्या आतच तुटते, मग ती बारीक असो की जाड. वाद्यांसाठी ओढलेली पोलादी तार याच्या दुप्पट भारही सोसते. खर्ज एक सप्तक खाली असल्याने तेथे हा भार चौथ्या हिश्श्याने, म्हणजे सुमारे २४ किलो येतो. तो पितळेला सहज पेलतो. पोलाद वर आणि पितळ खाली ही वाटणी नुसत्या परंपरेची नाही, ती धातूच्या गुणांची आहे.

पुरुषी तंबोरा उंच का?

लांबीची वाट आपण अजून चोखाळली नाही. ताण तोच ठेवून तार ८० ऐवजी १०० सेंटिमीटर केली तर काळी एकच्या खर्जाला ०.७२ ऐवजी ०.५८ मिमी जाडीची पितळी तार पुरते. जाडी कमी झाली आणि लांबी वाढली, असा दुहेरी फायदा होऊन ताठरपणाचा दोष लांबीच्या सहाव्या घाताने घटतो. दहाव्या संनादीचा चढ २.४ टक्क्यांवरून ०.७ टक्क्याच्या खाली येतो. वीस सेंटिमीटरच्या उंचीने हे साधते. पुरुष गायकांचा तंबोरा उंच आणि मोठ्या भोपळ्याचा असतो तो रुबाबासाठी नव्हे.

आमच्या भागात या विद्येचे माहेरघर मिरज. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तंबोरे बनवू लागले आणि ‘सतारमेकर’ हेच त्यांचे आडनाव झाले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. उ. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाचे मिरजेत वास्तव्य होते, तेव्हा कारागिराने केलेल्या वाद्याची परीक्षा घ्यायला जाणता कान शेजारीच होता. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या कारागिरांनी लांबीचा सहावा घात कधी मांडला नसेल. पण कोणत्या लांबीला कोणत्या क्रमांकाची तार, हे ते खुंटी पिळता पिळता सांगतात आणि आपला हिशेब त्याच्या जवळपास येतो.

बास गिटारची तीच गोष्ट

ऑर्केस्ट्रात मुलांनी बास गिटार पाहिलेली असते. तिचा खर्ज आपल्या तंबोऱ्याहूनही खोल. चार तारांपैकी सर्वांत खालची ४१ हर्ट्झवर लावतात. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या बास गिटारवर तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर होती. आजही तीच रूढ आहे. बोटाने पडद्यांवर दाबून वाजवायची असल्याने तार ढिली चालत नाही. एका तारेवर सतरा-अठरा किलो किंवा त्याहून अधिक ताण असतो आणि चार तारांचा मिळून पंचाहत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो. तो सोसण्यासाठी तिच्या दांडीत पोलादी गज घातलेला असतो.

सतरा किलोच्या ताणावर ४१ हर्ट्झ मिळवायला दर मीटरला सुमारे ३३ ग्रॅमची तार लागते. भरीव पोलादाची घ्यायची तर २.३ मिमी जाड. ही तार नव्हेच, खिडकीचा बारीक गज म्हणा. तिचा पाचवा संनादी तेवीस टक्के चढेल. गंधाराच्या जागी पंचम आणि कोमल धैवत यांच्यामधला काहीतरी स्वर ऐकू येईल. अशा तारेतून सूर नाही, घंटेसारखा ठणका निघेल.

यावरचा तोडगा युरोपात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडला. बारीक गाभ्याच्या तारेवर दुसरी तार मळसूत्रासारखी गुंडाळायची. ताण गाभा सोसतो, वस्तुमान गुंडाळी पुरवते. गुंडाळीचे वेढे एकमेकांपासून सुटे असल्याने वाकताना फारसा विरोध करत नाहीत. वजन वाढले, पण ताठरपणा वाढला नाही. पियानोच्या खालच्या पट्टीत तांब्याने गुंडाळलेल्या तारा दिसतात त्या याच कारणाने.

बास गिटारची तार निवडताना वाजवणारे ज्या गोष्टी पाहतात त्या आता सहज उलगडतील. गोल तारेची गुंडाळी असेल तर संनादी भरपूर निघतात, आवाज झळझळीत येतो. मात्र पृष्ठभाग खरबरीत असल्याने बोट सरकताना चर्रर्र वाजते आणि पडदे लवकर झिजतात. चपट्या पट्टीची गुंडाळी असेल तर तार हाताला गुळगुळीत लागते आणि आवाज दबका, गोलाकार येतो. घाम आणि मळ वेढ्यांच्या फटीत साचला की वरचे संनादी मरतात, म्हणून नवी तार तेजस्वी आणि जुनी मंद बोलते. आणि स्वर आणखी उतरवायचा तर? ४१ हर्ट्झची तार सैल करून ३१ हर्ट्झवर नेली की सतरा किलोचा ताण साडेनऊवर येतो, आणि तार पडद्यांवर आपटते. म्हणून पाच तारांच्या बास गिटारवर त्या स्वरासाठी ०.१०५ इंचाऐवजी सुमारे ०.१३० इंच जाडीची वेगळी तार लावतात. वडूजच्या तंबोऱ्याचा आजार तोच आणि औषधही तेच.

घोडी आणि जवारी

तार बदलली की काम संपत नाही. तंबोऱ्याची घोडी वर रुंद आणि किंचित गोलसर असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवून जागा शोधली की तार कंप पावताना घोडीला पुन्हा पुन्हा अलगद स्पर्श करते आणि आवाज खुलतो. हीच जवारी. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या घोडीचे वैशिष्ट्य नोंदवले. साधी तार बरोबर मधोमध छेडली तर जे संनादी मध्यावर स्थिर असतात ते, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, निघू नयेत असा नियम आहे. तंबोऱ्यावर मात्र असे न निघावेत ते स्वरही ठळकपणे ऐकू येतात. घोडीचा स्पर्श त्यांना जन्म देतो.

तारेची जाडी बदलली की तिचे घोडीवर टेकणे बदलते. म्हणून जाड तारांनंतर दोऱ्याची जागा नव्याने शोधावी लागते, आणि जुन्या तारांनी घोडीवर चर पडले असतील तर जवारी कारागिराकडून साफ करून घ्यावी लागते. वरच्या पट्टीतल्या खाचा अरुंद असतील तर जाड तार तेथे अडकते आणि खुंटी पिळूनही स्वर नीट सरकत नाही. हेही आधी पाहावे.

वर्गात करून पाहा

लाकडी फळीवर एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला गुळगुळीत फिरणारी कप्पी आणि मध्ये दोन त्रिकोणी ठोकळे ठेवून सोनोमीटर तयार होतो. कप्पीवरून लोंबणाऱ्या तारेला झाकणाची बादली टांगावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बादलीचे वजनही धरावे. मुलांना तारेच्या रेषेत तोंड नेऊ देऊ नये आणि चष्मे घालायला सांगावे, कारण तुटलेली तार चाबकासारखी येते.

पहिला प्रयोग : बादलीसह एकूण वजन १ किलो आणि नंतर ४ किलो ठेवून स्वर ऐका. एका सप्तकाचा फरक पडला पाहिजे. मोबाइलवरील स्वरमापक वापरून हर्ट्झही मोजता येतील.

दुसरा प्रयोग : वजन तेच ठेवून दुप्पट जाडीची, त्याच धातूची तार लावा. स्वर एक सप्तक खाली येईल. आता बारीक तार कमी वजनावर त्याच स्वरात आणा आणि डोळे मिटून दोन्ही ऐका. आकडा एक, आवाज दोन, हे मुलांना स्वतःच्या कानाने कळेल.

तिसरा प्रयोग : ठोकळ्यांतले अंतर ८० सेंटिमीटर ठेवा. तारेच्या मधोमध १०० ग्रॅमचे वजन टांगा. ताण ४ किलो असताना तार सुमारे ५ मिलिमीटर खाली येईल, १ किलो असताना सुमारे २० मिलिमीटर. वाजवणाऱ्याच्या बोटाला जे ‘कडक’ किंवा ‘मऊ’ लागते ते हेच. ‘हाताला लागणे’ हीसुद्धा मोजता येणारी गोष्ट आहे, हे मुलांना येथे दाखवावे.

चौथा प्रयोग : तार मधोमध छेडा आणि लगेच मध्यावर पिसाने अलगद स्पर्श करा. आवाज जवळजवळ बंद पडेल, कारण साध्या तारेत मध्यावर स्थिर असणारा संनादी निघालेलाच नसतो. आता टोकाजवळ छेडून तसाच स्पर्श करा. वरच्या सप्तकातला स्वर स्वच्छ ऐकू येईल.

गळ्यातली तार

शेवटी त्या मुलाकडे येऊ. तेरा ते पंधरा वर्षांच्या सुमारास मुलांचा कंठ वाढतो. त्यातल्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी दोन्ही वाढतात. हे तंतू हुबेहूब वाद्याच्या तारेसारखे नसले, तरी लांब आणि जड झाले की सावकाश कंप पावायचे, हा नियम त्यांनाही लागू आहे. मोठ्या बाईमाणसाचा बोलण्याचा स्वर साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो, पुरुषाचा १०० ते १३० च्या दरम्यान. निसर्गाने तार सैल करून आवाज उतरवला नाही, लांब आणि जाड करून उतरवला. तो बदल घडत असताना मधले काही महिने स्वर घसरतो, फाटतो. हा आजार नाही आणि नालायकीही नाही. नव्या तारा चढवलेला तंबोरासुद्धा पहिले काही दिवस पुन्हा पुन्हा उतरतोच.

आमच्या मित्रांनी मायणी-विटा मार्गे मिरज गाठले आणि जोडाला २८ व खर्जाला २२ क्रमांकाची तार आणली. पंचमाला कारागिराने आमच्या तक्त्यापेक्षा किंचित बारीक तार दिली. आम्ही कारण विचारायला सांगितले, तर ‘याची तबली पातळ आहे’ एवढेच उत्तर आले. हिशेब वाद्याच्या दारापर्यंत नेतो, आत कारागीर नेतो.

मुलींसाठी काळी चारची पट्टी आता पेटीवर धरतात आणि तंबोरा काळी एकला कायमचा ठेवला आहे. दहावीच्या वर्गाने तारेच्या नियमांचा धडा त्याच तंबोऱ्यावर शिकला. तो मुलगा अजून कधीकधी वरच्या स्वराला फाटतो. पण तो शेवटच्या रांगेत उभा राहत नाही. तंबोऱ्याशेजारी बसून तारा छेडायचे काम त्याच्याकडे दिले आहे, आणि प्रार्थना तो आपल्या नव्या आवाजात, एक सप्तक खाली म्हणतो.

आपल्याही शाळेत असा एखादा मुलगा असेल. त्याचा कान गेला असे ठरवण्यापूर्वी तंबोऱ्याची तार जरा चिमटीत धरून पाहावी.